बोलण्याची किंमत कोण मोजतो?

२०२५ च्या जूनमध्ये आणीबाणीच्या घोषणेला पन्नास वर्षे पूर्ण झाली. त्या निमित्ताने ठिकठिकाणी सभा झाल्या, परिसंवाद झाले आणि सर्व व्यासपीठांवरून मुद्रणस्वातंत्र्याचा जयजयकार करण्यात आला. तो करण्यात कोणालाच अडचण नव्हती. पन्नास वर्षांपूर्वीच्या सेन्सॉरला दूषणे देण्यास आज कोणाची परवानगी लागत नाही. पुढच्याच महिन्यात महाराष्ट्र विधिमंडळाने विशेष जनसुरक्षा विधेयक मंजूर केले. कडव्या डाव्या संघटनांना आवर घालण्यासाठी ते आवश्यक आहे असे शासनाचे म्हणणे, तर त्यातील शब्दांची व्याप्ती इतकी सैल आहे की उद्या साध्या निषेधसभेलाही ते लावता येईल असे विरोधकांचे म्हणणे. या वादाचा निकाल काळ आणि न्यायालये लावतील. परंतु या दोन्ही प्रसंगी जी चर्चा झाली तिच्यात एक गोष्ट समान होती. आविष्कारस्वातंत्र्य म्हणजे कायदा काय म्हणतो एवढाच प्रश्न आहे, असे सर्वांनी गृहीत धरले होते.

हे गृहीत तपासून पाहण्याची वेळ आली आहे. गेल्या सव्वाशे-दीडशे वर्षांचा महाराष्ट्राचा इतिहास पाहिला तर असे दिसते की, लेखकाचे वा वक्त्याचे तोंड बंद करण्याचे सर्वांत परिणामकारक साधन बंदीचा हुकूम हे कधीच नव्हते. ते साधन म्हणजे बोलण्याची किंमत वाढवून ठेवणे. बंदी उठवता येते. तिच्याविरुद्ध दाद मागता येते. पण बोलणाऱ्याला जो पैसा, जो वेळ, जी नोकरी आणि क्वचित जो जीव गमवावा लागतो, त्याची दाद कोठे मागायची?

अनामत रकमेचे तत्त्व

हे तत्त्व इंग्रज राज्यकर्त्यांना फार लवकर उमगले होते. १८७८ मध्ये लॉर्ड लिटन यांनी देशी वृत्तपत्रांचा कायदा आणला तेव्हा त्यात मुद्रक व प्रकाशकांकडून जातमुचलका आणि अनामत घेण्याची तरतूद होती. इंग्रजी वृत्तपत्रे त्यातून वगळलेली होती. रयतेच्या भाषेत लिहिणाऱ्यालाच तेवढी किंमत पडावी हा हेतू त्यात उघड होता. लॉर्ड रिपन यांच्या कारकिर्दीत तो कायदा रद्द झाला. तथापि कायदा गेला म्हणून धास्तीही जाते असे नाही. १८८३ मध्ये जोतीराव फुल्यांच्या 'शेतकऱ्याचा असूड' या ग्रंथाची पहिली दोन प्रकरणे 'दीनबंधु'त प्रसिद्ध झाली आणि पुढची छापण्याचे संपादकांनी थांबवले. हे संपादक कोणी सरकारधार्जिणे गृहस्थ नव्हते. ते होते नारायण मेघाजी लोखंडे, मुंबईच्या गिरणी कामगारांची पहिली संघटना उभारणारे, फुल्यांचे सत्यशोधक सहकारी. त्यांनी भिऊन हात आखडता घेतला ही तक्रार स्वतः फुल्यांनीच नोंदवून ठेवली आहे. सरकारने काही करण्यापूर्वीच एका सज्जन आणि धैर्यवान माणसाने मनातल्या मनात हिशेब केला आणि तो हिशेब त्याला परवडला नाही. आपल्याकडील स्वयंसेन्सॉरशिपचे हे एक जुने आणि फारसे न आठवले जाणारे उदाहरण आहे.

१९०८ मध्ये 'केसरी'तील लेखांबद्दल लोकमान्य टिळकांना सहा वर्षांची शिक्षा झाली तेव्हा मुंबईच्या गिरणी कामगारांनी सहा दिवस संप केला. गोळीबारात काहींचे प्राण गेले. त्या कामगारांतील पुष्कळांना 'केसरी' वाचताही येत नसेल. तरीही एका संपादकाच्या लेखणीची किंमत काही अंशी आपणही मोजली पाहिजे असे त्यांना वाटले. पुढे १९१० च्या मुद्रण कायद्याने नव्या छापखान्यांकडून पाचशे ते दोन हजार रुपयांची अनामत मागण्याचा अधिकार सरकारने घेतला. ती जप्त झाली तर पुन्हा एक हजार ते दहा हजार रुपये भरावे लागत. त्या काळी एखाद्या तालुक्याच्या गावी छापखाना चालवणाऱ्या माणसाच्या दृष्टीने ही रक्कम म्हणजे त्याचे सर्व भांडवल होते. त्याला तुरुंगात टाकण्याची गरजच उरली नाही. लेखक कितीही धीट असो, खिळे जुळवणारा आणि यंत्राचा मालक भ्याला की काम भागते, हे या कायद्याचे सूत्र होते.

अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला यात नवल वाटू नये. सत्य सांगणारे भाषण वा लेखन ही एका अर्थाने रस्त्यावरच्या दिव्यासारखी सार्वजनिक वस्तू आहे. त्याचा प्रकाश सर्वांना मिळतो; जो तेल घालतो त्यालाच तेवढा मिळतो असे नाही. ज्या वस्तूचा लाभ सर्वांना आणि खर्च मात्र एकट्यादुकट्याला, ती वस्तू समाजाला हवी त्यापेक्षा नेहमीच कमी निर्माण होते. तिचा खर्च जाणूनबुजून वाढवला तर ती जवळजवळ नाहीशी होते. यासाठी बंदीचा एकही हुकूम काढावा लागत नाही.

न्यायालयात जिंकलेले, व्यवहारात हरलेले

स्वातंत्र्यानंतर राज्यघटनेने एकोणिसाव्या अनुच्छेदात भाषण व आविष्काराचा हक्क दिला. १९५१ च्या पहिल्या घटनादुरुस्तीने त्यावरील निर्बंधांची कारणे वाढवली आणि त्याच वेळी ते निर्बंध 'वाजवी' असावेत अशी अटही घातली. त्यानंतरच्या काळात महाराष्ट्रातील गाजलेली प्रकरणे एकापुढे एक मांडली तर एक विलक्षण गोष्ट ध्यानात येते. न्यायालयाने पुष्कळदा लेखकाच्या, नाटककाराच्या, संपादकाच्या बाजूने कौल दिलेला आहे.

विजय तेंडुलकरांचे 'सखाराम बाइंडर' १९७२ मध्ये परिनिरीक्षण मंडळाच्या काटछाटीत अडकले. दिग्दर्शक कमलाकर सारंग उच्च न्यायालयात गेले आणि नाटक सुटले. आणीबाणीत मिनू मसानी यांच्या 'फ्रीडम फर्स्ट' या मासिकाचा मजकूर सेन्सॉरने अडवला, तेव्हा फेब्रुवारी १९७६ मध्ये, म्हणजे आणीबाणी भरात असताना, मुंबई उच्च न्यायालयाने सेन्सॉरचे आदेश बेकायदा ठरवले. शासनावर टीका केली एवढ्याने मजकूर अडवता येत नाही, हे त्या निकालाने स्पष्ट केले. ज्या महिन्यांत देशातील बहुतेक वृत्तपत्रे मूग गिळून बसली होती त्या महिन्यांत हा निकाल आला हे विशेष. जेम्स लेन यांच्या शिवचरित्रविषयक पुस्तकावर २००४ मध्ये राज्य शासनाने घातलेली बंदी मुंबई उच्च न्यायालयाने २००७ मध्ये रद्द केली आणि सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये तो निकाल कायम केला. २०१२ च्या नोव्हेंबरात पालघरच्या दोन तरुणींना फेसबुकवरील चार ओळींसाठी अटक झाली. ज्या कलमाच्या आधारे अशा अटका होत असत, ते माहिती तंत्रज्ञान कायद्यातील ६६-अ कलम २०१५ च्या मार्चमध्ये सर्वोच्च न्यायालयाने घटनाबाह्य ठरवले.

एवढे विजय मिळाल्यावर आविष्कारस्वातंत्र्याची बाजू भक्कम व्हायला हवी होती. ती झाली आहे काय? लेन यांच्या पुस्तकाची बंदी उठली, परंतु प्रकाशकाने ते नोव्हेंबर २००३ मध्येच मागे घेतले होते. न्यायालय बंदी उठवू शकते. भ्यालेल्या प्रकाशकाला पुस्तक विकायला लावू शकत नाही. आणि ५ जानेवारी २००४ रोजी पुण्याच्या भांडारकर संस्थेवर जो हल्ला झाला, ग्रंथ व हस्तलिखिते यांची जी नासधूस झाली, ती कोणत्या निकालाने भरून येणार?

याहूनही बोलके उदाहरण कारकून वाचकांना जवळचे वाटेल. १९९४ मध्ये बँक कर्मचाऱ्यांच्या एका संघटनेच्या मुखपत्रात वसंत दत्तात्रेय गुर्जर यांची 'गांधी मला भेटला' ही कविता छापली गेली. कविता त्यापूर्वी दहा-एक वर्षांची जुनी. तिच्यात अश्लीलता आहे अशी तक्रार झाली आणि संपादकावर खटला भरला गेला. संपादकाने बिनशर्त क्षमायाचना प्रसिद्ध केली, तरी खटला संपला नाही. तो एकेक पायरी चढत दिल्लीला पोचला आणि २०१५ च्या मे महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने संपादकाला आरोपमुक्त केले. कवीला मात्र खटल्याला तोंड देण्यास सांगण्यात आले. एका कर्मचारी संघटनेच्या छोट्या मुखपत्रातील एका कवितेपायी एका बँक कर्मचाऱ्याच्या आयुष्याची एकवीस वर्षे या सावटाखाली गेली. निकालपत्र वाचून कायद्याचा अभ्यासक कलाकृतीच्या मर्यादांविषयी चर्चा करील. दुसऱ्या एखाद्या संघटनेच्या मुखपत्राचा संपादक मात्र त्यातून एकच धडा घेईल : कविता छापू नये.

शासनालाही हा धडा अवगत झालेला आहे. म्हणून आता बंदीसारख्या अवजड हत्याराची गरज क्वचितच पडते. डिसेंबर २०२२ मध्ये कोबाड गांधी यांच्या आत्मकथनाच्या मराठी अनुवादाला जाहीर झालेला राज्य शासनाचा पुरस्कार काही दिवसांतच मागे घेण्यात आला. पुस्तकावर बंदी नव्हती. ते विकत घेता येत होते. परंतु अशा विषयाला हात घालणाऱ्या पुढच्या अनुवादकाला जे कळायचे ते कळले. यवतमाळच्या साहित्य संमेलनाच्या उद्घाटनासाठी बोलावलेल्या नयनतारा सहगल यांचे निमंत्रण २०१९ च्या जानेवारीत रद्द झाले, तेही कोणत्या कायद्याने नव्हे. २०२५ मध्ये जोतीरावांच्या जीवनावरील चित्रपट त्यांच्या जयंतीदिनी, ११ एप्रिलला, यायचा तो आक्षेपांच्या गदारोळात दोन आठवडे लांबला. १८८३ मधील 'दीनबंधु'चा प्रसंग यावेळी कोणाला आठवला असेल तर त्याने खेदानेच हसावे.

इंद्रायणीच्या काठी

आमची ही पिंपरी-चिंचवड ते चाकणची औद्योगिक पट्टी इंद्रायणीच्या खोऱ्यात वसली आहे. तिच्या पंचक्रोशीत एका बाजूला आळंदी आणि दुसऱ्या बाजूला देहू. तुकोबांना वेदार्थ बोलण्याचा अधिकार नाही असा निवाडा झाला आणि त्यांच्या वह्या इंद्रायणीत बुडवाव्या लागल्या, ही कथा येथील प्रत्येक मुलाला ठाऊक असते. वह्या तेरा दिवसांनी वर आल्या हा भाग आपण भक्तीने सांगतो. परंतु ते तेरा दिवस तुकोबा नदीकाठी अन्नपाण्यावाचून बसून होते, हा भाग आपण घाईने ओलांडतो. बोलण्याची किंमत तेथेही बोलणाऱ्यानेच मोजली. ज्यांनी निवाडा दिला त्यांना एक दिवसाचाही उपास घडला नाही.

त्याच तुकोबांवरील 'संतसूर्य तुकाराम' या कादंबरीपायी २००९ मध्ये आनंद यादव यांना महाबळेश्वरच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद सोडावे लागले. कादंबरीतील चित्रण अनेक वारकऱ्यांना अनुदार व निराधार वाटले. त्यांना तसे वाटण्याचा आणि ते ठणकावून सांगण्याचा पूर्ण अधिकार होता. लेखकाला पुरावे विचारता आले असते, परीक्षणांतून कादंबरीची चिरफाड करता आली असती. परंतु लेखकाने माफी मागितल्यावर व पुस्तक मागे घेतल्यावरही ज्या संमेलनात त्याने उत्तर द्यायचे तेच त्याच्याविना पार पडावे, याने कोणत्या सत्याची प्रतिष्ठा वाढली? बुडवलेल्या वह्यांचा वारसा सांगणाऱ्या समाजाने हा प्रश्न स्वतःला विचारावयास हवा.

२०१६ च्या जानेवारीत ८९ वे साहित्य संमेलन आमच्याच पिंपरी-चिंचवडला भरले. संमेलनाच्या तोंडावर नियोजित अध्यक्ष श्रीपाल सबनीस यांनी एका भाषणात पंतप्रधानांचा एकेरी उल्लेख केला. तो उल्लेख औचित्याला धरून नव्हता असे म्हणणाऱ्यांशी प्रस्तुत लेखक सहमत आहे. परंतु अनौचित्याला उत्तर म्हणून काय आले? निदर्शने आली, संमेलन उधळण्याची भाषा आली आणि समाजमाध्यमांवरून अध्यक्षांना सकाळी फिरायला जाण्याचा सल्लाही आला. २० ऑगस्ट २०१३ रोजी नरेंद्र दाभोलकर आणि फेब्रुवारी २०१५ मध्ये गोविंद पानसरे सकाळच्या फेरफटक्याच्या वेळीच गोळ्यांना बळी पडले होते. त्यामुळे त्या सल्ल्याचा अर्थ लावण्यास भाष्यकाराची गरज नव्हती. अध्यक्षांनी दिलगिरी व्यक्त केली आणि संमेलन थाटात पार पडले. बाहेरून पाहणाऱ्याला सर्व काही सुरळीत झाले असे वाटले असेल. किंमत वाढली की बाजारात आरडाओरडा होत नाही. ग्राहक मुकाट्याने कमी घेऊ लागतो.

येथील कारखान्यांच्या फाटकांशी ही किंमत दररोज ठरत असते. कायम कामगाराला निदान युनियनचा आधार असे. त्याला काढण्यापूर्वी आरोपपत्र द्यावे लागे, चौकशी करावी लागे. कंत्राटी कामगाराला काढण्यासाठी काहीच करावे लागत नाही. हजेरीपटावर उद्या त्याचे नाव नसते एवढेच. अशा माणसाला घटनेच्या एकोणिसाव्या अनुच्छेदाविषयी व्याख्यान देणे म्हणजे उपाशी माणसाला पाकशास्त्राचे पुस्तक भेट देण्यासारखे आहे.

या बाबतीत दुसऱ्यांकडे बोट दाखवण्यापूर्वी प्रस्तुत लेखकाने स्वतःचा एक हिशेब मांडणे योग्य होईल. काही वर्षांपूर्वी महाविद्यालयाच्या वार्षिक अंकाचे संपादन त्याच्याकडे होते. रात्रपाळी करून सकाळी वर्गात येणाऱ्या एका विद्यार्थ्याने कंत्राटी कामगारांच्या स्थितीवर लेख दिला. भाषा संयत होती, आकडेमोड बिनचूक होती. अंकाला जाहिराती देणाऱ्यांत परिसरातील उद्योजक होते. लेखाविषयी प्राचार्यांनी काही सांगितले नव्हते, जाहिरातदारांना तर लेखाची वार्ताही नव्हती. तरीही लेखातले दोन परिच्छेद काढले गेले आणि विद्यार्थ्याला 'जागेअभावी' असे कारण सांगण्यात आले. तो फक्त 'बरं सर' म्हणाला. जागा पुष्कळ होती. ज्या संपादकाने फुल्यांचे लेखन थांबवले त्याच्यावर टीका करण्याचा अधिकार आपल्याला उरला आहे काय, हा प्रश्न तेव्हापासून मनातून गेलेला नाही.

खर्चाची वाटणी

येथे एक आक्षेप येईल आणि तो दुर्लक्षिण्याजोगा नाही. बोलणे इतके स्वस्त झाले तर चिथावणीखोरांचे फावणार नाही काय? ३० जुलै २०१८ रोजी चाकणमध्ये आंदोलनाला हिंसक वळण लागले आणि गाड्या जळाल्या. जमाव पेटला की काय होते हे या परिसराला कोणी शिकवायला नको. परंतु प्रत्यक्ष हिंसेला चिथावणी देणे आणि कोणाच्या तरी भावना दुखावणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत. पहिलीला शिक्षा झालीच पाहिजे. आपल्याकडे व्यवहार नेमका उलटा होतो. जाळपोळ करणारे पुष्कळदा मोकळे राहतात आणि ज्याच्या शब्दांनी ते रागावले असे ते सांगतात, त्याला पोलीस ठाण्यात बोलावले जाते. जमावाला आवरता येत नाही म्हणून वक्त्याला गप्प करणे शासनाला शोभत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने १९८९ मध्येच बजावले होते.

मग करावयाचे काय? पहिली गोष्ट म्हणजे रंगभूमीवरील पूर्वपरिनिरीक्षण संपवणे. पुस्तक छापण्यापूर्वी शासनाला दाखवावे लागत नाही, मग एकांकिका स्पर्धेत उतरणाऱ्या विद्यार्थ्याला संहितेसाठी मंडळाचे प्रमाणपत्र का लागावे? अमोल पालेकर यांनी या पद्धतीला २०१६ मध्ये उच्च न्यायालयात आव्हान दिले. परंतु यासाठी न्यायालयाची वाट पाहण्याचे कारण नाही, विधिमंडळाला ते एका अधिवेशनात करता येईल.

दुसरी गोष्ट, तक्रार करणाऱ्यालाही काही किंमत पडली पाहिजे. बिनबुडाच्या फिर्यादीबद्दल आरोपीला भरपाई देवविण्याची तरतूद फौजदारी प्रक्रियेच्या कायद्यात जुनीच आहे. ती वापरली जात नाही. मार्च २०२५ मध्ये एका कवितेवरून गुजरातेत नोंदलेला गुन्हा रद्द करताना सर्वोच्च न्यायालयाने पोलिसांना अशा प्रकरणी गुन्हा नोंदवण्याआधी प्राथमिक चौकशीचा मार्ग दाखवला आहे. प्रत्येक पोलीस ठाण्याने तो अवलंबिला तर पुष्कळ खटले उंबरठ्यावरच संपतील.

तिसरी गोष्ट शासनाच्या नव्हे, आपल्या हातातील आहे. १८९७ मध्ये टिळकांवर राजद्रोहाचा पहिला खटला झाला तेव्हा त्यांच्या बचावासाठी बंगालमधून निधी गोळा होऊन आला. मराठी न वाचणाऱ्या माणसांनी एका मराठी संपादकाच्या बोलण्याची किंमत वाटून घेतली. उत्सवासाठी आपण आनंदाने वर्गणी देतो. शिक्षकांच्या संघटना, बँकांतील कर्मचारी मंडळे, ग्रंथालये, साहित्यसंस्था यांनी अशा खटल्यांसाठी कायमचा निधी उभारला, वकिलांनी त्यात आपला वेळ दिला, तर मुखपत्राच्या संपादकाला एकवीस वर्षे एकट्याने काढावी लागणार नाहीत. १९७५ च्या डिसेंबरात कऱ्हाडच्या संमेलनात अध्यक्षस्थानावरून दुर्गा भागवत आणीबाणीविरुद्ध बोलल्या आणि पुढे त्यांना कारावास भोगावा लागला, हे आपण अभिमानाने सांगतो. परंतु त्या दिवशी मंडपात जे हजारो लोक होते, त्यांनी पुढे काय केले, हे सांगताना आपला आवाज खाली येतो. एका दुर्गाबाईंनी सर्वांच्या वतीने किंमत मोजावी आणि बाकीच्यांनी टाळ्या द्याव्या, ही पद्धत लोकशाहीला परवडणारी नाही.

आणि जेथे वर्गणीचीही गरज नाही असे एक स्थान प्रत्येकापाशी असते. कोणाचे ते मुख्याध्यापकाचे टेबल असेल, कोणाचे कार्यालयातील टिपण असेल, कोणाचे भित्तिपत्रक असेल. तेथे बसून आपण कोणाची वाक्ये खोडतो आणि कोणत्या कारणाने खोडतो, हे ज्याचे त्यालाच ठाऊक असते. तो रात्रपाळीचा विद्यार्थी आता चाकणच्याच एका कारखान्यात नोकरीला आहे असे कळते. त्याचे ते दोन परिच्छेद अजून जपून ठेवलेले आहेत. पुढच्या वार्षिक अंकात, त्याची संमती मिळाल्यास, ते त्याच्या नावाने आणि 'जागेअभावी' या कारणाच्या खुलाशासह छापण्याचा विचार आहे. जाहिरात कमी झाली तर तेवढा खर्च संपादकाने सोसावा हे उचित.